वरची बोटभर वाळू

फिल्टर हाऊसच्या दाराशी बैलगाडी उभी होती आणि सहा बायका तिच्यात नगरपालिकेची वाळू पाट्या-पाट्यांनी भरत होत्या. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत. वर मलाच सांगत होत्या, "जरा बाजूला सरा की बाई, साडी भरंल."

"थांबा!" मी ओरडले. "कुणाला विचारून चाललंय हे?"

सगळ्यांत पुढची बाई पाटी कमरेवर टेकवून उभी राहिली. साठीची, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तूच व्हय ती नवी इंजनेरबाई? आन् मला वाटलं, कुणीतरी दांडगी असंल."

बाकीच्या पाचजणी फिस्सकन हसल्या.

कृष्णाकाठच्या तळकोंडी नगरपालिकेत मला रुजू होऊन तेव्हा चार महिने झाले होते. वय तेवीस. गावाला नदीचं पाणी स्वच्छ करून पुरवायचं ते केंद्र माझ्या ताब्यात होतं. गावानं त्याआधी इंजिनीअर बाई पाहिलेली नव्हती आणि मी त्याआधी गाव पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांकडे जरा संशयानंच बघत होतो. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून मी कडक राहायचं ठरवलं होतं. कडक कसं राहायचं हे मात्र मला फक्त ऐकून माहीत होतं.

"पखाली!" मी हाक मारली.

दस्तगीर पखाली आतून आले. बत्तीस वर्षं त्यांनी ते फिल्टर सांभाळले होते. पांढरी दाढी, खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार. त्यांच्या आजोबांनी ह्याच गावात कातड्याच्या पखालीतून घरोघरी पाणी घातलेलं. आठ महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते.

"ही वाळू कुठे चाललीय?"

"भडभुंजे गल्लीला, बाईसाहेब. ह्या गौराक्का. लाह्याफुटाण्याच्या भट्ट्या हायत त्यांच्या. पंचमी आली न्हवं का अकरा दिवसांवर? लाह्यांना लागती वाळू. दरवर्षीच नेत्यात."

"दरवर्षी? गाडीभर? नगरपालिकेच्या फिल्टरमधली?"

"व्हय. ह्या तीन हौदांतली. वरची वरची—"

"आणि तुम्ही देता?"

"पंचमीच्या आधी ती जायलाच पायजे बाईसाहेब. न्हायतर हौद—"

"मला तोंडी काही ऐकायचं नाही. काय सांगायचं ते लेखी द्या."

 दस्तगीरांचं तोंड उघडं होतं ते त्यांनी हळूच मिटलं.

"आणि तुम्ही," मी गौराक्काकडे वळले. "तुम्हाला वाळू हवी असेल तर रीतसर अर्ज करा."

"अर्ज?" गौराक्कानं हनुवटीला बोट लावलं. "वाळूला अर्ज? आता गं बया! माझ्या सासूनं नेली, मी नेली, नदीनं कधी अर्ज मागितला न्हाई."

"ही नदीची नाही, नगरपालिकेची आहे."

"बरं बाई. नाव काय तुजं?"

"कालिंदी सोहोनी."

"नदीचंच की गं नाव," ती म्हणाली. "पण गाळ लई हाय."

सहाही जणींनी गाडीतली वाळू पाट्या-पाट्यांनी परत हौदांत ओतली आणि रिकामी गाडी घेऊन हसत हसत निघून गेल्या. मी कठड्याला हात टेकून, मान ताठ ठेवून उभी होते. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दस्तगीर पखालींना मेमो दिला. माझ्या आयुष्यातला पहिला मेमो. चारदा खाडाखोड करून, भाषा कमावून लिहिलेला. नगरपालिकेच्या वाळूची वर्षानुवर्षे चोरी होत असून त्या चोरीस आपले साह्य असल्याचे दिसते, सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असं काहीबाही. त्यांनी पोचपावतीवर सही केली, कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून दोनदा थोपटलं.

"मेहेरबानी, बाईसाहेब," ते म्हणाले.

मेमोबद्दल कुणी आभार मानतं का? मला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण मी कडक होते, त्यामुळे विचार केला नाही.

बुधवारी नदी लाल झाली.

वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. आमच्याकडे येणारं पाणी पातळ पिठल्यासारखं दिसू लागलं. त्यात नवीन काही नव्हतं, श्रावणात ते तसंच येतं. त्यात तुरटी घालायची, मोठ्या टाकीत गाळ खाली बसू द्यायचा, आणि वर उरलेलं पाणी वाळूच्या हौदांतून गाळून घ्यायचं. वाळूत घाण अडकत गेली की पाणी अडू लागतं. ते किती अडतंय हे भिंतीवरचा एक काटा दाखवतो. काटा तांबड्या खुणेला गेला की खालून जोरात पाणी सोडून वाळू उसळवायची, धुवायची आणि पुन्हा कामाला लावायची. पुराच्या दिवसांतही दिवसातून दोनदा धुतलं की भागायचं, असं मागच्या नोंदी सांगत होत्या.

त्या बुधवारी काटा तीन तासांत तांबड्याला गेला.

धुतलं. पुन्हा तीन तासांत. शुक्रवारपर्यंत अडीच तासांवर आलं. वाळू धुवायलाही गाळलेलंच पाणी लागतं, म्हणजे आम्ही पाणी गाळायचो आणि त्यातलं निम्मं वाळूलाच पाजायचो. गावाला तासभर पाणी सुटायचं ते वीस मिनिटांवर आलं. पंचमीला गावातल्या लेकी माहेरी यायच्या होत्या. घरोघरी धुणी, न्हाणी, सारवणं निघालेली. नळावर बायका घागरी घेऊन माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. एकीनं तर वॉटर वर्क्सच्या फाटकाला रिकामा तांब्या बांधून ठेवला. खाली खडूनं लिहिलेलं, 'कालिंदीकडून भरून मिळावा.'

मी घाबरले. पण शिकलेलं माणूस घाबरलं की पुस्तक उघडतं, तसं मी उघडलं. फिल्टर नीट न चालण्याची जेवढी कारणं त्यात होती, तेवढ्यांच्या मागे लागले. आधी तुरटी. सहा काचेच्या भांड्यांत नदीचं पाणी घेऊन, कमीजास्त तुरटी घालून, ढवळत बसले. दस्तगीर लांबून बघत होते.

"सरबत कुणासाठी, बाईसाहेब?"

"तुरटीचं प्रमाण बघतेय."

"ते बरोबरच हाय. कालबी बरोबर हुतं."

तुरटी बरोबर निघाली. मग पाणी गाळण्याचा वेग कमी करून पाहिला. काटा जरा सावकाश चढला, पण गावाला पाणी आणखीच कमी गेलं आणि फाटकाला दुसरा तांब्या लागला. मग धुण्याची वेळ वाढवली. दहा मिनिटांची पंधरा केली, पंधराची वीस. वाळू खळखळ उसळायची, मी वर उभी राहून हातातल्या घड्याळाकडे बघत राहायचे, आणि धुऊन झाल्यावर काटा पूर्वीपेक्षा लवकर चढायचा. जितकं जास्त धुवावं तितकं वाईट. हे तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शेवटी वाळूवरच संशय घेतला. नमुना खोलातून घ्यावा असं शिकले होते, म्हणून हौदात उतरून हातभर खड्डा करून खालची वाळू काढली, वाळवली, एकाखाली एक चाळण्या लावून चाळली. दाणा नेमका हवा तेवढा होता. वाळू निर्दोष होती.

"बाईसाहेब," दस्तगीर कठड्यावरून वाकून म्हणाले, "बोलू का?"

"मेमोचं उत्तर आणलंत?"

"न्हाय."

"मग आधी ते."

ते हसले. उपहासानं नाही, पोरगं हट्टाला पेटल्यावर आजोबा हसतात तसं. खिशावर हात ठेवून ते दुसऱ्या हौदाकडे गेले. मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर, माझं चुकतंय आणि त्यांना ते दिसतंय, ह्याचा राग आला.

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. भुस्कुटे साहेब. अतिशय सभ्य माणूस. इतका सभ्य की तो काय करायला सांगतोय हे बाहेर पडल्यावर कळायचं.

"बसा, मिस सोहोनी. चहा घेणार? घ्या. पाण्याचाच चहा आहे, अजून आहे तोवर."

मी बसले.

"परवा पंचमी. आज सोमवार. गुरुवारी सकाळी गावाला पुरतं पाणी मिळालं नाही तर अध्यक्ष मला सोडणार नाहीत. मी मग कुणाला तरी धरणार. हे उघड आहे, नाही का?"

"गुरुवार परवा नाही, तेरवा आहे सर."

"बघा, एक दिवस जास्त मिळाला तुम्हाला." त्यांनी एक फाईल पुढे ओढली. "तुमचा प्रोबेशनचा अहवाल मला शुक्रवारी पाठवायचाय. पण एक गोष्ट आहे. तुम्ही त्या पखालीला मेमो दिलाय. दरवर्षी गाडीभर वाळू बाहेर जाते, असं तुम्हीच म्हटलंय. सात दिवस झाले. खुलासा आला?"

"नाही सर."

"उत्तर नाही म्हणजे कबूल. आता तुम्ही एवढंच लिहा, की बत्तीस वर्षं ह्या माणसानं वाळू बाहेर दिली आणि त्यामुळे फिल्टर निकामी झाले. मी कागद वर पाठवतो. तुम्ही सुटलात. मीही सुटलो."

"आणि ते?"

"त्याचे आठ महिने राहिलेत. निवृत्तीच्या ऐवजी बडतर्फ होईल. पेन्शन जाईल. वाईट आहे." ते खरंच वाईट वाटल्यासारखे दिसले. "गुरुवारी दुपारी मला एक कागद द्या. पाणी द्या, नाहीतर कागद द्या."

मी बाहेर आले. आज मी निवृत्त होऊन चार वर्षं झालीत, त्यामुळे लपवत नाही. त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी तो कागद लिहायला घेतला होता. 'दस्तगीर पखाली यांनी' इथपर्यंत लिहिला. पुढे सुचेना. वाळू बाहेर गेल्यानं फिल्टर बिघडला म्हणावं, तर ह्या वर्षी ती बाहेर गेलीच नव्हती. मीच थांबवली होती. बत्तीस वर्षं वाळू जात होती आणि फिल्टर चालत होते. ह्या वर्षी राहिली, आणि बंद पडले.

एवढं डोळ्यांसमोर होतं. तरी मला ते दिसलं नाही, फक्त वाक्य जमत नाही म्हणून मी पेन खाली ठेवलं. अशी मी हुशार.

मंगळवारी सकाळी गौराक्का फिल्टर हाऊसमध्ये आली. हातात सूप आणि सुपात एक कागद.

"घे तुजा अर्ज."

"आता?" मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण तिनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

"सात दिस बाजारची वाळू वापरली. जाडबारीक समदी एकत्र. जाड खडा चाळणीतनं पडत न्हाई, लाह्यांत ऱ्हातो. काल आमच्या साने मास्तरांचा दात हलला. मग त्यांनीच लिवून दिला अर्ज, लगोलग."

मी वाचला. साने मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं, दात हलल्याचा काही परिणाम नव्हता. 'सविनय विनंती की, दरवर्षीप्रमाणे तिन्ही हौदांतील फक्त वरची बोटभर बारीक वाळू खरवडून नेण्यास परवानगी असावी. खालची नको.'

"खालची नको?" मी विचारलं. "का? वाळू तर सगळी सारखीच आहे. मी चाळून बघितली."

"कुठली चाळलीस?"

"हातभर खालची."

गौराक्का दस्तगीरकडे बघून म्हणाली, "दस्तूभाऊ, हिला कुणी सांगितलं न्हाई?"

"लेखी मागितलं हुतं," दस्तगीर म्हणाले.

गौराक्कानं कोपऱ्यातल्या नव्या वाळूच्या ढिगातली दोन मुठी वाळू सुपात टाकली आणि पाखडायला लागली. सुपाच्या एका अंगाला जाड, एका अंगाला बारीक, दाणे आपोआप वेगळे होत गेले.

"जेठात तुमी नवी वाळू टाकता. नदीची, मिसळीची. मग हौदात खालनं पानी सोडून उसळवता. म्हंजे काय करता? पाखडताच की. जाड खाली बसतं, बारीक तेवढं वर येतं. श्रावणापत्तुर वर पिठावानी थर हुतो. त्यो आमी न्हेतो. लाह्यांना तसलीच लागती. त्यो थर ऱ्हायला तर गाळ खाली जाईलच कसा? झाकणच की ते."

"आणि मी जितकं जास्त धुतलं..."

"तितकं पाखडलंस, पोरी."

मी चपला काढल्या. दस्तगीरांनी तोवर पहिल्या हौदाचं पाणी उतरवलंच होतं, जणू त्यांना माहीतच होतं मी उतरणार. मी हौदात उतरून वरची चिमूट घेतली. रांगोळीसारखी मऊ, आणि तिच्यावर लाल गाळाची साल चिकटलेली. बोटभर खाली हात घातला तर करकरीत, टपोरी, स्वच्छ वाळू. मी चाळली होती तीच. माझा नमुना बरोबर होता, फक्त जिथं दुखत होतं ती जागा सोडून घेतला होता.

मी तिथेच हौदात फतकल मारून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच आलं.

"गौराक्का, न्या," मी म्हणाले. "अर्ज मंजूर. आत्ता न्या."

"आता? आता मला वेळ न्हाई." ती सूप काखेत मारून उभी राहिली. "आज आन् उद्या भट्ट्या पेटलेल्या. पंचमीला आमी तवा ठेवत न्हाई, मातीला हात लावत न्हाई, म्हंजे समद्या गावाच्या लाह्या ह्याच दोन दिसात. वर्साचा धंदा हाय आमचा. तुमची मान्सं लावून काढा."

दस्तगीर हळूच म्हणाले, "फावड्यानं न्हाय व्हायचं बाईसाहेब. फावडं खोल जातं, समदं वरखाली करतं. ह्या बायकांचा हात पायजे. पत्र्याच्या तुकड्यानं साय काढल्यावानी काढत्यात."

"गौराक्का," मी हात जोडले. वाळूनं भरलेले. "उद्या नाही झालं तर माझी नोकरी जाईल. नाहीतर..." मी दस्तगीरांकडे बघितलं नाही. "नाहीतर त्याहून वाईट होईल."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि मला कळलं, आता माझी खैर नाही.

"रीतसर अर्ज कर," गौराक्का म्हणाली. "भट्टीवर आणून दे. आमी विचार करू."

त्या दुपारी मी भडभुंजे गल्लीत गेले. दस्तगीर सोबत होते. चार भट्ट्या, धूर, आणि जोंधळ्याच्या टोपल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या चाळीसेक बायका. त्यांतल्या निम्म्या मला नळावर शिव्या देणाऱ्या. मला बघताच रांग अशी गप्प झाली की कढईतल्या लाह्यांचा तडतडाट तेवढा ऐकू येत होता.

"आणलास?" गौराक्का कढईतून वर न बघता म्हणाली.

मी कागद पुढे केला.

"मला कुठं वाचाया येतंय? वाच मोठ्यानं."

 मी कागद दस्तगीरांच्या हातात दिला आणि कुजबुजले, "तुम्ही वाचा ना. मला लाज वाटते."

त्यांनी कागद घेतला. बघितला. मग माझ्या कानाशी वाकून, माझ्याहूनही हळू आवाजात म्हणाले, "बाईसाहेब, मला आकडे येत्यात. अक्षरं न्हाय येत. सही तेवढी येती."

 नोंदवहीत बत्तीस वर्षं त्यांच्या हातचे आकडे होते, तासागणिक, सुबक. अक्षर मात्र एकही नव्हतं. शेरे लिहायचा तो कारकून. चार महिने मी ती वही रोज तपासत होते. आणि ह्या माणसाला मी म्हणाले होते, काय सांगायचं ते लेखी द्या. एकदा नाही, दोनदा.

मी कागद परत घेतला आणि वाचला. मोठ्यानं, चाळीस बायकांसमोर.

"श्रीमती गौराबाई भडभुंजे यांस, सविनय सादर. मी, कालिंदी सोहोनी, कनिष्ठ अभियंता, आपणास विनंती करते की तिन्ही हौदांतील वरची बोटभर वाळू आपण कृपा करून न्यावी. ही वाळू आपण न नेल्यामुळे गावास पाणी नाही. चूक माझी आहे. आपली नम्र."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बरं वाचती की पोरगी."

"आवाज खणखणीत हाय," दुसरी म्हणाली. "पाण्याला बी असाच फोर्स आन म्हणावं."

मग सगळी रांग हसली, आणि मीही हसले, आणि गौराक्कानं मूठभर गरम लाह्या माझ्या ओंजळीत टाकल्या. "मंजूर," ती म्हणाली. "उद्या उजाडायला येतो."

बुधवारी उजाडता उजाडता बैलगाडी पुन्हा दाराशी आली. सहाही जणी पदर खोचून, हातात डब्याच्या पत्र्याचे तुकडे घेऊन हौदांत उतरल्या. बोटभर, फक्त बोटभर. भाकरीवरचा पापुद्रा काढावा तसा तो थर त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उचलला. मी पाट्या वाहिल्या. "साडी भरंल बाई," म्हणून त्यांनी मला चिडवून घेतलं. नऊ वाजता गाडी भरून गेली, कारण त्यांना तीच वाळू धुऊन, वाळवून दुपारी कढईत घालायची होती. आम्ही तिन्ही हौद एकदा धुतले, पाणी सोडलं, आणि मी काट्यासमोर स्टूल टाकून बसले.

तीन तास झाले. काटा हललाही नाही. सहा तास झाले. दस्तगीर म्हणाले, "बाईसाहेब, त्यो घाबरंल असं टक लावून बघितल्यावर."

पंचमीच्या सकाळी गावाला तासाच्या वर दहा मिनिटं पाणी गेलं. फाटकाचे तांबे गायब झाले होते. त्यांच्या जागी एका कागदाच्या पुड्यात लाह्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, एकही खडा नसलेल्या.

आता राहिला होता तो एकच कागद.

परवापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. दस्तगीरांना वाचता येत नाही. म्हणजे मेमोत काय आहे हे त्यांना माहीत नाही. म्हणूनच तर त्यांनी मेहेरबानी म्हटलं. तो कागद मी परत घेतला, फाडला, की झालं. त्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याला चोर म्हटलं गेलं हे आयुष्यात कधी कळणार नाही. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

"चाचा," मी म्हणाले. पखाली नाही, चाचा. "तो मेमो द्या इकडे."

त्यांनी खिशातून घडी काढली. दहा दिवसांत तिच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"देतो की. पण आधी वाचून तर दावा. दहा दिस खिशात घिऊन फिरतोय."

ते कठड्यावर टेकले आणि डोळे मिटले. मी कागद उघडला. माझंच अक्षर, माझीच कमावलेली भाषा. मी घसा खाकरला.

"श्री. दस्तगीर पखाली यांस. आपणास कळविण्यात येते की, आपण गेली बत्तीस वर्षे नगरपालिकेची सेवा प्रामाणिकपणे केली आहे. फिल्टरविषयी आपणास जेवढे ज्ञान आहे तेवढे... तेवढे अन्य कोणासही नाही. वाळूबाबत आपण घेत असलेली काळजी पाहून कार्यालय आपले आभारी आहे."

"वा," ते डोळे न उघडता म्हणाले. "मधलं परत वाचा की. ज्ञानाचं."

मी गडबडले. "आपल्याइतका अनुभव... इतर कर्मचाऱ्यांत क्वचितच..."

"मघाशी न्यारं हुतं."

"तेच आहे."

"बरं, शेवटचं?"

"कार्यालय आपले ऋणी आहे."

"मघाशी आभारी हुतं." आता त्यांनी डोळे उघडले. ते हसत होते. "बाईसाहेब, वाचन झकास हाय तुमचं. पण माज्या सुनंनं वाचला त्याच राती, तवा त्यात चोरी असा शब्द हुता. दोनदा."

 मी हातातल्या कागदाकडे बघितलं. खरंच दोनदा होता.

"मग तुम्ही मला काही..." माझं रडू आवरेना. "दहा दिवस रोज माझ्याशी नीट बोलत होतात. हसत होतात. का?"

"तुमी नव्या हुता," ते म्हणाले. "नवा हौद पैल्यांदा गढूळच पानी देतो. म्हणून काय त्यो कुणी फोडत न्हाई. जरा वाट बगायची." मग त्यांनी मुंडाशाच्या शेवानं काट्याची काच पुसली, मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून असेल. "तुमच्या सायबाला दुपारी कागद पायजे, असं त्यांचा शिपाई सांगत हुता. मघाशी वाचलासा त्योच लिवा. त्यो लई बरा हाय. ज्ञानाचं मातूर पैलं घ्या, दुसरं नको."

मी तिथेच स्टुलावर बसून तो लिहिला. जुना फाडून हौदाच्या गटारात सोडला. भुस्कुटे साहेबांना त्या दुपारी पाणीही मिळालं आणि कागदही. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फाईलला लावला. सभ्य माणूस होता.

पण त्याआधी मी तो पोचपावतीसाठी चाचांपुढे ठेवला होता. त्यांनी पेन घेतलं, जीभ दातांत धरली आणि सही केली. द, स्त, गी, र. पाटीवर गिरवावं तसं एकेक अक्षर. मग कागद लांब धरून, डोळे बारीक करून, त्यांनी तो न येणाऱ्या अक्षरांसकट वरपासून खालपर्यंत बघितला आणि माझ्याकडे सरकवला.

"हां," ते म्हणाले. "आता लेखी झालं."